युवा नेतृत्व शिबिराला जावं का, आणि गेल्यावर काय करावं?

कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका मुलीने विचारलंय: "मॅडम, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. कॉलेजच्या एनएसएसमधून (राष्ट्रीय सेवा योजनेतून) सात दिवसांच्या युवा नेतृत्व शिबिरासाठी माझं नाव गेलंय. शिबिर बहुतेक कन्नडातच असणार, आणि माझं कन्नड कच्चं आहे. चार माणसांसमोर उभी राहिले की तोंडातून शब्द फुटत नाही. आई जा म्हणते, वडील नको म्हणतात. जावं का? आणि जाऊन नेमकं करायचं काय? सर्टिफिकेटचा पुढे काही उपयोग होतो का?"

जा. नाव दिलंयस ते काढू नकोस. पण कशासाठी जायचं ते मनाशी पक्कं करून जा. बहुतेक मुलं भाषण शिकायला म्हणून येतात, आणि भाषण काही सात दिवसांत येत नाही. एवढ्या दिवसांत एक गोष्ट मात्र नक्की शिकता येते: ओळखदेख नसलेल्या माणसांबरोबर एखादं काम अंगावर घ्यायचं आणि ते शेवटाला न्यायचं. मी बरीच वर्षं एनएसएसची कार्यक्रम अधिकारी होते, आणि आता बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी भागातल्या शिबिरांत सत्रं घेते. पुढे गावात उभी राहिलेली मुलं आठवून बघते, तर त्यातली फार थोडी शिबिरात माइकवर चमकलेली होती. बाकीची भांडी घासण्याच्या रांगेत, अहवालाच्या वहीत, नाहीतर श्रमदानाच्या खड्ड्यात दिसायची.

आधी शिबिर कुणाचं आहे ते बघ. एनएसएस १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झालं. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर, असा त्याचा साचा आहे. नेहरू युवा केंद्रं १९७२ पासूनची. ती गावच्या तरुण मंडळांना हाताशी धरून नेतृत्व आणि ग्रामविकासाची शिबिरं घेतात. आता त्यांचं नावच 'मेरा युवा भारत' म्हणजे 'माय भारत' झालंय, आणि नोंदणी २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'माय भारत' पोर्टलवर होते, तर कॉलेजातल्या कुणाच्या तरी मदतीने तुझं खातं आधीच उघडून ठेव. याशिवाय फी घेऊन 'व्यक्तिमत्त्व विकास' शिकवणारी खाजगी शिबिरं असतात, आणि राजकीय पक्षांची किंवा संघटनांचीही असतात. कुठे जायचं ते ज्याने त्याने ठरवावं, पण नाव देण्याआधी वेळापत्रक मागून घे. त्यात श्रमदान, गटकाम आणि गावात फिरणं मिळून निम्मा दिवस नसेल, नुसती व्याख्यानं असतील, तर त्यातून नेतृत्व फारसं पदरात पडत नाही. तुझं शिबिर एनएसएसचं आहे, तेव्हा ती काळजी नको.

आपल्या मातीला हे प्रकरण नवं नाही. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांनी सगळा बेत उभा केला आणि डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्तानी सेवादलाचे स्वयंसेवक कामाला लागले. पाणी, गर्दी, साफसफाई या कामांतून ती पोरं तयार झाली, मंडपात बसून ऐकल्याने नव्हे. हर्डीकर पुढे आपल्याच जिल्ह्यातल्या घटप्रभा गावी राहिले. त्यांनीच बेंगळूरच्या एस. एन. सुब्बराव या तरुणाला सेवादलाच्या कामासाठी दिल्लीला बोलावून घेतलं. त्याच सुब्बरावांनी पुढे देशभर तरुणांची शिबिरं घेतली. चंबळच्या खोऱ्यात जौऱ्याला त्यांनी आश्रम काढला, आणि तिथेच १९७२ मध्ये डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली. हातात फावडं आणि ओठांवर देशातल्या वेगवेगळ्या भाषांतली गाणी, असं त्यांचं शिबिर असायचं. आजही चांगल्या शिबिराचा दिवस त्याच वळणाने जातो: पहाटे प्रार्थना आणि व्यायाम, मग श्रमदान, दुपारी सत्र आणि गटचर्चा, संध्याकाळी गावात घरभेटी, रात्री कार्यक्रम आणि दिवसाचा अहवाल.

आता तुझ्या भाषेच्या भीतीबद्दल. ती खरी आहे, तिला उगाच हलकं म्हणणार नाही. बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्गकडची मुलं भराभर कन्नड बोलतात, विनोद करतात, सगळे हसतात, आणि आपण नुसतंच बघत राहतो. पहिल्या दोन दिवसांत मराठी शाळेतली मुलं म्हणूनच एका कोपऱ्यात गोळा होतात. तेवढं टाळ. पहिल्या रात्री झोपायची जागा घेताना मुद्दाम कन्नड बोलणाऱ्या मुलींच्या मधली घे. चार वाक्यं घरूनच तोंडावर बसवून जा: "नन्न हेसरु अमुक" (माझं नाव अमुक), "नम्म ऊर खानापूर" (आमचं गाव खानापूर), "तिळीलिल्ल, स्वल्प निधान हेळ्री" (कळलं नाही, जरा सावकाश सांगा), "नानू माडतीनी" (मी करते). शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. 'मी करते' असं म्हणणाऱ्या माणसाचं व्याकरण कुणी तपासत नाही.

सत्रात मत मांडायची पाळी आली की कन्नडात अडखळत अर्ध्यावर थांबण्यापेक्षा मराठीत पूर्ण बोल आणि शेजारणीला सांगायला लाव. आमच्या सत्रात आम्ही हे ठरवूनच करून घेतो. बोलणारा आपल्या भाषेत नीट बोलतो, सांगणाऱ्याला नीट ऐकावं लागतं, दोघांचाही फायदा होतो. साने गुरुजींनी आंतरभारतीचं जे स्वप्न पाहिलं, त्यात दुसऱ्याची भाषा शिकणं हे प्रेमाचं काम होतं. मला ते मनापासून पटतं. आणि त्यासाठी आपली मराठी बाजूला ठेवावी लागते असं मी कधी मानलं नाही. रात्रीच्या कार्यक्रमात आपल्याकडची ओवी म्हण, झिम्मा-फुगडी घाल. धारवाडकडच्या मुली फेर धरायला सगळ्यात आधी येतात.

एखाद्या रात्री अंथरुणावर कुणीतरी विचारणारच, "तुम्हाला महाराष्ट्रात जायचंय ना?" तुझ्या वयाच्या मुलांना हा प्रश्न फार जड जातो, म्हणून आधीच तयारी ठेव. मान खाली घालू नकोस आणि आवाजही चढवू नकोस. आपला भाग कर्नाटकात की महाराष्ट्रात, हा सीमाप्रश्न १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा आहे आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, एवढं माहीत असू दे. आपल्या घरात मराठी आहे, तिच्यावर आपलं प्रेम आहे, ती शाळेत आणि कागदावर टिकावी असं वाटतं, हे सरळ सांग. आणि तिच्या गावात काय अडचणी आहेत तेही विचार. बस, पाणी, दवाखाना, नोकरी. बहुतेक वेळा गप्पा तिकडेच वळतात आणि पहाटेपर्यंत चालतात. कुणी चिडवायलाच बसलं असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या कानावर घाल. त्यात कमीपणा काही नाही.

वडिलांचं म्हणशील, तर त्यांच्या 'नको'मागे काय आहे ते आधी शोध. मुली झोपणार कुठे, बरोबर बाई कोण, रात्री कार्यक्रम किती वाजेपर्यंत, आणि सुगीत घरातला एक हात कमी होणार. असल्या चार गोष्टी असतात, आणि त्या रास्तच असतात. पहिल्या तीन गोष्टींची उत्तरं तुझ्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी द्यायची आहेत, तू नव्हे. त्यांना फोन करायला सांग, जमलं तर घरी यायला सांग. कॉलेजच्या शिक्षकांनी उंबऱ्यात येऊन दोन शब्द बोलले की बापाचा जीव खाली बसतो. मुलींसाठी वेगळी राहायची सोय आणि मुक्कामाला महिला शिक्षिका असायलाच हवी. ती नसेल तर मीही 'नको'च म्हणेन. सुगीचं मात्र तूच बघ. शिबिर भातकापणीत आलं असेल तर मळणीच्या दिवसांत कुठली कामं आपल्या अंगावर घेशील ते आधी सांग. आणि वडिलांना समारोपाच्या दिवशी बोलाव. मुलगी गावकऱ्यांसमोर उभी राहून अहवाल वाचतेय हे बघितलेला बाप पुढच्या वर्षी धाकटीला स्वतः सोडायला येतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शिबिरात पहिल्याच संध्याकाळी कामाचे गट पडतात: स्वयंपाक, स्वच्छता, श्रमदान, सांस्कृतिक, अहवाल, शिस्त. मुलं सांस्कृतिककडे धावतात. तू स्वयंपाक नाहीतर अहवाल माग, आणि दोन्ही मिळाले तर फारच छान.

स्वयंपाक का, ते एका प्रसंगावरून सांगते. जांबोटीच्या बाजूच्या एका गावात शिबिर होतं, मुक्काम शाळेत. जंगलाकडच्या वाड्यावरचा एक मुलगा सगळ्या सत्रांत गप्प बसून असायचा. त्या दिवशी त्याच्या गटाकडे रात्रीचं जेवण होतं. कार्यक्रम बघायला आलेली गावातली म्हातारी-कोतारी माणसं आग्रहाने पंगतीला बसवली गेली, आणि भात कमी पडणार हे झाकण उघडल्याबरोबर त्याच्या लक्षात आलं. तो ओरडला नाही, धावलाही नाही. दुसऱ्या चुलीवर आधण चढवलं, दोघांना तांदूळ धुवायला बसवलं, सांस्कृतिकच्या मुलीला सांगितलं की अजून दोन गाणी होऊ देत. आमटीत गरम पाणी आणि थोडी चटणी घालून ती वाढवली. आधी पाहुण्यांना आणि लहान पोरांना वाढायला लावलं, आणि आपल्या गटाला बजावलं, "आपण शेवटी बसायचं हं, कुणी ताट घ्यायचं नाही." पाहुण्यांना काही कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी गटप्रमुख निवडताना मुलांनी आपणहून त्याचं नाव घेतलं. तुझ्यापाशी काय आहे आणि काय नाही हे बघून, कोण काय करील ते ओळखून, न चिडता कामं वाटून देणं, हे कुठलंही व्याख्यान शिकवत नाही.

पंगतीचं आणखी एक. शिबिरात सगळे एका ओळीत बसतात, एकाच घागरीतलं पाणी पितात. ज्या गावात शिबिर असतं तिथे कधी कधी याच गोष्टीवर कुजबुज सुरू होते, कोण स्वयंपाकात आहे ते विचारलं जातं. अशा वेळी गटाने एकदिलाने राहावं. तू त्या मुलीच्या शेजारी बस जिच्याबद्दल विचारणा झाली, आणि तिच्या हातचं वाढून घे. वाद घालायची गरज पडत नाही.

अहवालाचा गट माणसाला ऐकायला शिकवतो. दिवसभरात काय ठरलं, कुणी काय करायचं कबूल केलं, काय राहिलं, हे रात्री सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं असतं. तुझ्यासारखी बोलायला घाबरणारी मुलगी वहीतून वाचताना घाबरत नाही, कारण नजर कागदावर असते. तिसऱ्या दिवशी ती मान वर करून वाचते, पाचव्या दिवशी वही बाजूला ठेवते. स्टेजची भीती अशीच जाते. दोन मिनिटांचं बोलायचं झालं तर फक्त तीन गोष्टी सांग: मी आज काय बघितलं, त्यात मला काय खटकलं, उद्या मी काय करणार. सुरुवातीला सुविचार, चारोळ्या, 'आदरणीय व्यासपीठ' यात वेळ घालवू नकोस.

एका अभ्यासावर मी सगळ्यात जास्त वेळ देते, तो गावनकाशाचा. देवळासमोरच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, तोही गावकऱ्यांकडून काढून घ्यायचा. पुरुषांचा एक, बायकांचा वेगळा. आपण चिमटीही उचलायची नाही, फक्त विचारायचं. मलप्रभेच्या काठच्या एका गावात पुरुषांनी देऊळ, सोसायटी, तालीम, डांबरी रस्ता असं झपाट्याने काढलं. बायकांच्या नकाशात धुण्याचा ओढा आला, सरपणाची वाट आली, उद्योग खात्रीतून, म्हणजे रोजगार हमीतून खणलेलं आणि आता कोरडं पडलेलं तळं आलं. मग एका आजीने बसस्टॉपपासून वाड्यापर्यंतच्या रस्त्यावर कोळशाची पूड टाकली. काळोख, एवढंच म्हणाली. संध्याकाळच्या शेवटच्या बसने कॉलेजच्या मुली उतरतात तो हा तुकडा. पुरुषांच्या नकाशात तोच रस्ता सरळ रेषेने काढलेला होता. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवल्यावर गावातल्या माणसांनीच तोंडात बोट घातलं. हा अभ्यास तुझ्या शिबिरात नसला तर तू मागून घे, आणि घरी परतल्यावर आपल्या गल्लीत नक्की कर.

त्या काळोखाचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण शिबिर संपल्यावर काय करायचं ते त्यातच आहे. त्या गावातल्या दोन मुली आमच्या शिबिरात होत्या. घरी गेल्यावर त्यांनी दिवे नसलेले खांब मोजले आणि प्रत्येकावरचा नंबर वहीत उतरवला. खांब हेस्कॉम या वीज कंपनीचे असले तरी रस्त्यावरच्या दिव्यांची जबाबदारी ग्रामपंचायतीची, हे त्यांना सत्रात कळलं होतं. अर्ज कन्नडात हवा होता, तो शिबिरात मैत्रीण झालेल्या बैलहोंगलच्या मुलीने फोनवर वाक्यावाक्याला दुरुस्त करून दिला. दोघी पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना भेटल्या, अर्ज दिला, शिक्का मारलेली पोच घेतली. महिनाभर काही हललं नाही. मग वॉर्ड सभेत स्त्रीशक्ती संघाच्या, म्हणजे बचत गटाच्या बायकांना घेऊन गेल्या आणि तीच पोच वाचून दाखवली. वॉर्ड सभेतून विषय ग्रामसभेत गेला, ठराव झाला, दिवे लागले. या मुलींनी एकही भाषण केलं नाही.

म्हणून शिबिराला जातानाच आपल्या गावातला एक प्रश्न बरोबर घेऊन जा. लहानसा असू दे. अंगणवाडीची गळकी कौलं, शाळेच्या स्वच्छतागृहाचं पाणी, बसची वेळ. सातही दिवस प्रत्येक सत्रात बसताना मनात म्हण, याचा माझ्या त्या प्रश्नाला उपयोग काय? पंचायतीवर सत्र असेल तर विचार की हे कुणाच्या अखत्यारीत येतं. आरोग्यावर असेल तर आशाताईचं नेमकं काम काय ते विचार. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत आणि एकविसाव्या वर्षी उभं राहता येतं, हेही ध्यानात असू दे. आज तुला ते दूरचं वाटेल, पण दोन-तीन वर्षं कधी सरतात कळत नाही.

परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत काम सुरू कर. त्याहून उशीर झाला की शिबिरातली ऊब विरून जाते आणि मागे उरतो तो व्हॉट्सअॅपचा ग्रुप. एकटीने सुरू करू नकोस, दोघी-तिघी जमव. गणपती मंडळात मुलींना आरतीपुरतं बोलावतात. तिथे जाऊन जमाखर्चाची वही माग, आणि उत्सव संपल्यावर हिशोब देवळाच्या फळ्यावर लावायची जबाबदारी घे. असल्या कामाला कुणी आडवं येत नाही, आणि वर्षभरात गावाचा विश्वास बसतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांत दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात, ती गावातलीच माणसं उभी करतात. मंडप, जेवण, वर्गणी, ग्रंथदिंडी, सगळं. जवळच्या संमेलनात स्वयंसेवक म्हणून नाव दे. शिबिरात शिकलेलं तिथे ताबडतोब हाताला लागतं, आणि मराठीचं कामही होतं.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. ते नीट जपून ठेव, झेरॉक्स काढून ठेव. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरच्या शिबिरांसाठी आणि प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी एनएसएसमधून निवड होते, तेव्हा आधीचं काम बघतात. समाजकार्याच्या एम.एस.डब्ल्यू.ला जायचं झालं तर मुलाखतीत त्याचा उपयोग होतो, पण तिथे कागदापेक्षा तू काय केलंस तेच विचारतात. त्या दोघींच्या दिव्यांच्या पोचेसारखी तुझ्या कामाची वही दाखवता आली तर उत्तम.

बरोबर काय न्यायचं? खानापूर भागात हिवाळ्याच्या रात्री गारठा असतो, जाड चादर आणि कानटोपी घे. श्रमदानासाठी जुने कपडे आणि पायात बूट, नुसती चप्पल नको. ताट, वाटी, पेला, टॉर्च, एक जाड वही. नेहमीची औषधं असतील तर ती, आणि पाळीच्या दिवसांसाठी लागणारं सामान भरपूर, कारण खेड्यातल्या दुकानात मिळेलच असं नाही आणि तुझ्याकडचं दुसरीलाही लागेल. सोन्याची कुठलीही वस्तू घालून जाऊ नकोस. आधार कार्ड जवळ ठेव, शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमधून राज्यातल्या राज्यात जाताना मुलींना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, फक्त कार्ड दाखवावं लागतं. आणि फोन संध्याकाळी एकदाच, आईला करण्यापुरता चालू कर, पण तो रोज न चुकता कर, म्हणजे वडीलही शांत झोपतील.